काटेरी फळ

सुगंधाबाई दिवसभर मासे विकून येई, रांधी, आणि नवरा जेवल्यावर तळचा रस्सा पुसून खाई. यंदा कुंपणात धोतरा उगवला. "उपटून फेक, जहर हाय ते," नवरा म्हणाला. "त्याले जहर नोका म्हणू. देवानं हलाहल पेलं, तवा त्याच्या छातीतून निघालं. मार्कंड्याच्या महादेवाले वाहीन." त्यानं झाड राहू दिलं, पण त्या दिवसापासून ताटावर बसला की म्हणे, "आधी तू खा, माह्यासमोर." ती खाई, वाफाळता भात, माशाची मधली तुकडी. "बाई, नवरा लयच लाड करून राह्यला," शेजारीण चिडवी. पुढे झाड वाळलं, नवऱ्याची भीतीही ओसरली. काल त्यानं न विचारता कढई संपवली. सुगंधाबाईला भांडायचंही त्राण नव्हतं. आज तिनं झाडाचं काटेरी फळ मिठाच्या डब्याशेजारी ठेवलं. "हे इथी काऊन?" "देवाचं हाय, राहू द्या." नवऱ्यानं ताट तिच्याकडे सरकवलं.