भिंतीकडे तोंड

बायकोने त्याला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली आणि तोंड भिंतीकडे केलं. गेले पंधरा दिवस दुपारचं जेवण आणि दुखण्याची गोळी झाली की ती हेच करत होती. भिंतीकडे तोंड असलं की माणसाला दार दिसत नाही, एवढं क्रेनवाल्याला कळत होतं. ऑपरेशन पाठीचं झालं होतं, डोक्याचं नाही.

त्या बाजूच्या कपाटाला आरसा आहे, हे मात्र बाईसाहेब विसरल्या होत्या. तो डोळे किलकिले करून बघायचा. ती खुर्ची ओढून बसायची, त्याच्याकडे बघायची, घड्याळाकडे बघायची, परत त्याच्याकडे. नवरा कधी एकदा गाढ झोपतोय याची वाट बघणारी बाई आणखी काय करणार?

मग ती फोनवर काहीतरी लिहायची. काल ती आंघोळीला गेल्यावर त्याने फोन उघडला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याशी बोलणं चाललं होतं.

'झोपलेत.'

'बरं. मी दुकानातच आहे. बोलावलंत की दोन मिनिटांत येतो.'

'यांना कळू देऊ नका. घर डोक्यावर घेतील.'

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांचा संसार मोडायचा, आणि तोही कोणासाठी, तर त्या कडक इस्त्रीच्या शर्टवाल्यासाठी! गोडबोल्या नुसता. क्रेनवाला वीस टनांचं ओझं हवेत धरून ठेवायचा. त्या शहाण्याने आयुष्यात खोकल्याच्या बाटलीपेक्षा जड काही उचललं नसेल. तरी बायको त्याच्याशी बोलताना कशी मान डोलवायची. नवऱ्याचं बोलणं ऐकताना तिची मान कधी डोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. ते आठवून त्याला रडू येईल की काय असं वाटलं, आणि त्याचा राग आणखी वाढला.

हे सुरू झालं पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी. पाठ ठणकत होती म्हणून त्याने गुपचूप एक गोळी जास्त घेतली आणि ताटावरच त्याला गुंगी आली. बायकोने धावत जाऊन औषधवाल्याला आणलं. त्याने पापणी वर करून डोळ्यात बॅटरी मारली, गालावर चापट्या मारून जागं केलं आणि मग तिला स्वयंपाकघरात नेऊन कुजबुजत बसला. शुद्धीवर येताच क्रेनवाल्याने दोघांनाही फैलावर घेतलं होतं. मी काय नशेबाज आहे, परत माझ्यावर नजर ठेवलीत तर याद राखा, असं बरंच काही.

आज सोक्षमोक्ष लावायचा होता. रंगेहाथ पकडायचं आणि संध्याकाळी भावाकडे निघून जायचं, कायमचं. बॅग भरून कॉटखाली सरकवली होती. आजची गोळीही त्याने जिभेखाली धरून नंतर कुंडीत थुंकली होती.

झोपेचं सोंग मात्र झकास वठायला हवं होतं. त्याने अंग सैल सोडलं आणि श्वास लांबवला. एक घेतला, बराच वेळ थांबला, मग दुसरा. आपल्या अभिनयावर तो स्वतःच खूश झाला.

"अहो," बायको म्हणाली.

त्याने पुढचा श्वास आणखी लांबवला.

"अहो, ऐकताय ना?" तिने खांदा हलवला, मग जोरात हलवला.

खात्री करून घेतेय, त्याच्या मनात आलं. तो दगडासारखा पडून राहिला. फोनची बटणं वाजली. ती उठली आणि तिने दाराची कडी काढली.

दोन मिनिटंही लागली नाहीत. जिन्यावर धावती पावलं वाजली. किती ही घाई! क्रेनवाल्याने चादरीखाली मूठ आवळली. दोघं एकमेकांशी काय बोलतात ते आधी ऐकायचं आणि मगच उठायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"वहिनी, किती?" औषधवाल्याला धाप लागली होती.

"आठ. तीनदा मोजले. मिनिटाला आठच श्वास घेतायत. गोळीनंतर दहाच्या खाली गेले की लगेच बोलवा म्हणाला होतात ना?" बायकोने परत त्याचा खांदा हलवला. "हाकेला ओसुद्धा देत नाहीयेत हो."

क्रेनवाल्याने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.