सफाईदार

"इस्त्री... नाही, आधी दूध. दूध उतू गेलं. मी पुसत होते... मग मालकीण. मग ती इस्त्री." मोलकरणीने हुंदका गिळला आणि भाजलेला हात टेबलावर ठेवला.

दुभाषीबाईंनी ते सगळं तांदूळ निवडावेत तसं निवडलं. खडे बाजूला, दाणे ताटात. मग जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं, "दूध उतू गेलं म्हणून मालकिणीने तापलेली इस्त्री माझ्या हातावर दाबली." वाक्याला एक सुरकुती नाही.

वीस वर्षांत ही परकी भाषा त्यांनी अशी कमावली होती, की फोनवर कुणी त्यांना 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' म्हणून विचारत नसे. त्याचा त्यांना गर्व होता. थोडाथोडका नव्हे.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "पाठ केलेलं वाटतंय. खरं बोलणारा माणूस अडखळतो. हिला आजच त्या घरी परत पाठवू."

दुभाषीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. मोलकरीण पदोपदी अडखळली होती. पण ज्याला भाषाच येत नाही, त्याला अडखळणंही बोलणंच वाटतं.

"साहेब, ती अडखळत होती. नीटनेटकं मी केलं. चूक माझी."

अधिकाऱ्याच्या भुवया वर गेल्या. "मग पुन्हा सांगू दे. आणि या वेळी जसंच्या तसं."

"काय झालं हो ताई?" मोलकरणीने विचारलं.

"काही नाही मावशी. परत एकदा सांगा. मघासारखंच."

"छे, मघाशी कसला जीव मुठीत होता माझा! तुम्ही कसं धडाधड बोललात, ते बघून धीर आला. आता बघाच."

मावशी ताठ बसल्या. डोळे पुसले. एका दमात, एक शब्द न सांडता, सगळं सांगून मोकळ्या झाल्या. वर दुभाषीबाईंकडे पाहून हसल्या, पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरीसारख्या.

अधिकारी पेन उचलून वाट पाहत होता.

दुभाषीबाईंना त्याच्याकडे बघवेना, मावशींकडे तर नाहीच नाही. दुसऱ्याच्या तोंडी खोटं त्यांनी आजवर कधी घातलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच, अगदी सफाईने, ततपप केली.