पहिलं माहेरचं

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी जुळं असल्याचं सांगितलं, तेव्हा अंजनाच्या डी.एड.चं एक वर्ष राहिलं होतं. "मी कॉलेजात असताना पोरांजवळ एखादी बाई लावूया," ती घरी म्हणाली.

"तिचा पगार तुझ्या बापानं द्यायचा!" सासू रंगूबाई कडाडली. "पहिलं बाळंतपण माहेरचं. रीत हाय."

वकिली शिकणाऱ्या नवऱ्यानं कायद्याच्या पुस्तकात डोकं खुपसलं. अंजनाचं डोकं सणकलं.

"बरं, आत्याबाई. मग आधी येईल ते पोर माझ्या बाचं. खर्च त्याचा, नावबी त्याचंच लागंल. मागनं येईल ते तुमचं."

रंगूबाई चपापली. "आन् आधी ल्योक आला तर?"

अंजनानं वह्या काखेत मारल्या. "रीत हाय, आत्याबाई. मी कशी मोडू?"