दुसरं टोक

जावयाने आणलेली गळाची नवी काठी पिसासारखी हलकी होती. पुसायला नको, तेल लावायला नको. सासऱ्यांची जुनी पोलादी काठी नदीवरून आल्या आल्या पुसली नाही, तर गंजायची. आणि पुसताना दुसरं टोक कुणीतरी धरावं लागायचं. पस्तीस वर्षं ते बायकोनेच धरलं होतं, अबोल्यातसुद्धा.

या वेळचा अबोला चौथ्या दिवशीही सुटेना. सासरे नुसते या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी माळ्यावरून पोलादी काठी काढली, नळाखाली धरून चिंब भिजवली आणि हाक मारली, "अगं, जरा टोक धरतेस का? गंजेल ही."

ती फडकं घेऊन दारातच उभी होती. "चार दिवस नळाला पाणी नव्हतं का?"