प्रेतानं कूस बदलली

शेवटी मुख्य भूमिका विल्फ्रेड पास्क यालाच मिळाली. पण ते अजून घडलंच नाही असं समजून चालू. कारण आत्ता रविवारची संध्याकाळ आहे, लंडनच्या स्टुडिओतून टीव्हीवर या आठवड्याचं नवं नाटक थेट चालू आहे, आणि विल्फ्रेड गालिच्यावर मरून पडला आहे.

तो पहिल्या वाक्याआधीच मेला होता. उरलेलं सगळं नाटक ऑब्री टेनंटचं. दोघं एकाच नाट्यशाळेतून एकाच दिवशी बाहेर पडले. ऑब्री थेट इन्स्पेक्टर झाला. विल्फ्रेड आधी वेटर झाला, मग पोस्टमन, आणि आता प्रेत. ऑब्रीची सगळी वाक्यं त्याला पाठ होती. रोज घरी आरशासमोर तो ती म्हणायचा, आणि दर वेळी ऑब्रीपेक्षा सरस म्हणायचा. निदान आरशाचं तसं मत होतं.

शेवटचं लांबलचक भाषण सुरू झालं. माणूस सत्याला कसा भितो, वगैरे. 'सत्य' या शब्दावर ऑब्रीनं त्याचा तो नेहमीचा थांबा घेतला, हनुवटी वर केली, आणि विल्फ्रेडचा जळफळाट झाला. त्यानं विचार केलाच नाही. सावकाश कूस बदलली आणि ऑब्रीकडे पाठ करून तो पुन्हा मेला.

सगळा देश बघत होता. ऑब्री क्षणभर अडखळला, मग काही झालंच नाही अशा थाटात त्यानं भाषण संपवलं. विधवेनं ठरल्याप्रमाणे रडून घेतलं. नाटक संपताच दिग्दर्शक गॅड्सबी जिना उतरून धावत आले. पुन्हा या इमारतीत दिसलास तर खरोखर मारीन, असं त्यांनी विल्फ्रेडला सांगितलं.

सोमवारी वर्तमानपत्रं आली. सत्याकडे पाठ फिरवणारं हे प्रेत म्हणजेच आजचं ब्रिटन, असं एका टीकाकारानं लिहिलं होतं. दुसरा म्हणे ढसाढसा रडला होता. ऑब्रीचं नाव 'इतर कलाकारां'त होतं. दुपारपर्यंत गॅड्सबी ज्याला त्याला सांगू लागले की ही कूस पहिल्यापासून संहितेतच होती. घरमालकीण मिसेस क्रॉली स्वतः चहा घेऊन वर आल्या. मिस्टर पास्क, तुम्ही मेलेले बरे दिसता, म्हणाल्या.

नाटक फितीवर टिपून ठेवायची चैन तेव्हा परवडत नसे. पुन्हा दाखवायचं म्हणजे गुरुवारी सगळ्यांनी पुन्हा यायचं आणि पहिल्यापासून पुन्हा करायचं. गुरुवारी ऑब्री लवकर आला आणि सरळ गालिच्यावर जाऊन आडवा झाला.

"आज प्रेत मी करतो," तो डोळे मिटूनच म्हणाला. "माझी वाक्यं तू घे, विल्फ्रेड बाळा. पडल्यापडल्या ओठ हलतात तुझे, बघतो ना मी."

ऑब्री मोठा नट. गॅड्सबींनी मान डोलावली.

इतकी वर्षं हवी होती ती इन्स्पेक्टरची हॅट विल्फ्रेडच्या डोक्यावर आली. भाषण त्यानं आरशासमोरच्यापेक्षाही छान केलं. कॅमेरे मात्र सगळे गालिच्यावर वाकले होते. 'सत्य' या शब्दावर तो थांबला, आणि ऑब्रीनं कूस बदलली. एवढ्यावर भागलं नाही. त्यानं एक गुडघा हळूच पोटाशी घेतला, झोपलेल्या पोरासारखा.

तो गुडघा विल्फ्रेडला सुचलाच नव्हता. पुन्हा तोच जळफळाट झाला, फक्त या वेळी उभ्यानं.

शुक्रवारी मिसेस क्रॉलींनी विचारलं, काल बरं नव्हतं का, दिसला नाहीत. येत्या रविवारचं नाटक अर्थातच दुसरं होतं, दोन बहिणी आणि एक स्वयंपाकघर. त्यात कुणीच मरत नव्हतं. विल्फ्रेडनं नाट्यविभागाच्या प्रमुखांना रीतसर अर्ज केला:

"सबब, यापुढील प्रत्येक नाटकात, विषय कोणताही असो, एक प्रेत कायमस्वरूपी मंजूर करण्यात यावे, व सदर जागी निम्नस्वाक्षरीकाराची गुडघ्यासह नेमणूक व्हावी, ही नम्र विनंती."