खुर्चीवरचं फडकं

आईच्या अंगावर या खपल्या कशाने येतात, ते डॉक्टर मला समजावत होते. "सोरायसिस संसर्गाने होत नाही हो. शरीराचे पहारेकरीच चुकतात. आपल्याच कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात."

"कमाल आहे!" मी हसलो. "घरच्या माणसाला ओळखत नाहीत, हे कसले पहारेकरी?"

आई उठली तेव्हा डॉक्टरांचं लक्ष तिच्या खुर्चीकडे गेलं. "आजी, हे फडकं कशाला अंथरलंत?"

"माझीच सवय," आई घाईने म्हणाली. खपल्या आत राहतील अशी तिने फडक्याची घडी घातली. मी मार्करने ठळक लिहिलेलं 'फक्त आईसाठी' नेमकं घडीच्या वर आलं. तिने त्यावर हात ठेवला.