घरातला पर्यटक

भर दुपारी घरातल्या यंत्रानं आकडा दाखवला : पर्यटक एक. मालिनीनं तो पुन्हा वाचला. भाड्यानं द्यायच्या दोन्ही खोल्यांना महिनाभर कुलूप होतं, आणि गावातल्या पर्यटकांची गणना तिच्याचकडे होती. गणनेवालीनंच पाहुणा लपवला म्हटल्यावर नोकरी कशी टिकणार?

पाहुण्यांची नोंदवही कधीच बंद झाली होती. आता घराघरात बसवलेलं यंत्र माणसांची नजर वाचायचं. नव्या जागी डोळे भिरभिरतात, वस्तू न् वस्तू निरखतात. तसे डोळे दिसले की पर्यटक. घरचं माणूस कुठं घराकडे बघतं!

तिनं कुलपं काढून खाटांखाली पाहिलं, माळा धुंडाळला. कुणी नव्हतं. मागच्या पडवीत तिचा नवरा विश्राम तेवढा उभा होता. स्वतःच्या हातानं शाकारलेलं छप्पर निरखत होता.

"अहो, कोणी आलं होतं का इकडे?"

तेवढ्यात तिच्या हातातल्या फोनवर गणनेचा पुढचा प्रश्न उमटला : पर्यटकाचा मुक्काम किती दिवस?

विश्राम वळला, अदबीनं हसला.

"घर छान ठेवलंय हो, बाई. तुम्ही इथल्याच का?"